कोची : पाहिलेली आणि ऐकलेली

कोचीला जायचे ठरले तेव्हा आमच्या घरात रिवाजाप्रमाणे दोन पक्ष पडले. चिरंजीवांनी सतरा प्रेक्षणीय स्थळांची यादी करून अडीच दिवसांत दर स्थळाच्या वाट्याला किती मिनिटे येतात याचा हिशेबही मांडला होता. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की सुट्टी सुट्टीसारखी घालवावी, तिची परीक्षा करू नये. माई मात्र कोणत्याच पक्षात नव्हत्या. माई म्हणजे आमच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. त्यांना कोचीत काहीही पाहायचे नव्हते. त्यांना घरी एकटे ठेवता येत नाही, एवढ्याच कारणाने त्या आमच्याबरोबर निघाल्या होत्या, आणि हे कारण आपल्याला ठाऊक आहे हे त्या आम्हांला कळू देत नव्हत्या.

कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली आणि ठाण्याच्या माणसाला कोची शेजारी आल्यासारखी वाटू लागली. गाडी रात्री मडगावला थांबली तेव्हा माई बर्थवर उठून बसल्या. फलाटावर दोन हमाल कोंकणीत भांडत होते. गाडी हलेपर्यंत माई ते भांडण ऐकत राहिल्या आणि मग पुन्हा आडव्या झाल्या. माईंचे माहेर फोंड्याजवळ, मंगेशीच्या प्रियोळचे. लग्न होऊन मुंबईला आल्या, तेव्हापासून घरात मराठी. त्यांच्या धाकट्या बहिणीशी मात्र त्या रोज फोनवर तासभर कोंकणीत बोलत. बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. आमच्या सौभाग्यवतींना कोंकणी सगळे कळते, पण उत्तर मराठीतून येते. मुलांना तर कळतही नाही.

एर्नाकुळमच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला बोटीने जावे. बाजूने मोठमोठी जहाजे उभी, समोर बेटे, आणि मधून आपली सरकारी बोट शाळेत निघालेल्या पोरासारखी रमतगमत चाललेली. हे बंदर म्हणे एका पुराने घडवले. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, तिच्या मुखाशी असलेले मुचिरी हे पुरातन बंदर गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीपाशी समुद्राने नवे दार उघडले. रोमन लोक ज्या मिऱ्यांसाठी मुचिरीला येत, त्याच मिऱ्यांसाठी पुढे अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज कोचीला आले. एवढ्याशा काळ्या दाण्यासाठी माणसे इतक्या लांबून येऊन एकमेकांच्या उरावर बसली, हे मिसळणाचा डबा उघडताना आपल्या ध्यानात येत नाही.

बोटीतून उतरून किनाऱ्याने चालू लागले की पहिली भेट चिनी जाळ्यांची. चित्रात पाहून वाटते की ही एखाद्या कोळ्याने खांद्यावर टाकून न्यायची जाळी असतील. प्रत्यक्षात ते एक भले थोरले यंत्र आहे. दोन मजली घराएवढी उंच लाकडांची आणि बांबूंची चौकट, तिच्या पुढच्या टोकाला उलट्या छत्रीच्या काड्यांसारखे चार वाकवलेले बांबू आणि त्यांना टांगलेले चौकोनी जाळे. मागच्या टोकाला दोरखंडांना मोठमोठे धोंडे लोंबकळत असतात. सगळे काम तराजूच्या दांडीसारखे. एक माणूस मधल्या ओंडक्यावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या भाराने जाळे डुबते. काही मिनिटांनी पाच-सहा जण मागचे दोर ओढतात, धोंडे एकामागून एक खाली येतात आणि जाळे पाणी गाळीत वर उठते. आम्ही उभे असताना चार वेळा जाळे उठले. तीन वेळा त्यात काही नव्हते. चौथ्या वेळी मूठभर मासळी निघाली आणि एक प्लास्टिकची बाटली. कोळ्यांनी चिरंजीवांना दोर ओढायला बोलावले आणि नंतर बक्षिशीसाठी हात पुढे केला. आजकाल मासळीपेक्षा ह्यावरच त्यांची चूल पेटते, असे दिसले. ही जाळी चिन्यांनी आणली असे सारी कोची सांगते. काही अभ्यासक म्हणतात, पोर्तुगिजांनी ती मकावहून आणली, कारण जाळ्याच्या निरनिराळ्या भागांची मलयाळम नावे पोर्तुगीज वळणाची आहेत. ते काही असो, आज दोर ओढणाऱ्यांत ना कोणी चिनी, ना पोर्तुगीज.

तिथून पाच मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगिजांनी १५०३ साली इथे किल्ला उभारला तेव्हाचे लाकडी चर्च पाडून पुढे हे दगडी बांधले. १६६३ साली डचांनी कोची घेतली, कॅथलिकांचे चर्च प्रॉटेस्टंटांचे झाले. १७९५ साली इंग्रज आले, मग ते अँग्लिकनांचे झाले. थडग्यांचे दगड जमिनीतून उचलून भिंतींत बसवले आहेत, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला डच. जिवंतपणी एकमेकांवर तोफा डागणारे समोरासमोर शांत उभे आहेत. छताखाली कापडी पंख्यांची रांग लोंबते. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. बाहेर उन्हात बसून ते दोर ओढणाऱ्यांची नावे मात्र कुठल्या दगडावर नाहीत.

सारी गर्दी असते ती एका कठड्यापाशी. वास्को द गामा १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि त्याला इथे पुरले. धाकटी कठड्याला टेकून बराच वेळ आत पाहत होती. मी तिला सांगितले, की १५३९ साली त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या.

"म्हणजे आता आत कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग हे सगळे काय बघतायत?"

मी जरा गडबडलो. रांगेतल्या एका गुजराती गृहस्थांनाही मराठी कळत असावे, कारण तेही हसले आणि कठड्यापासून बाजूला झाले.

मट्टांचेरीचा राजवाडा पाहायला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्याला सगळे 'डच पॅलेस' म्हणतात. बांधला पोर्तुगिजांनी, १५५५च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी पुढे त्याची डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचे लागले. (घर बांधणाऱ्याचे नाव विसरून रंग देणाऱ्याचे लक्षात ठेवावे, तसाच हा प्रकार.) बाहेरून वाडा अगदी साधा. चिरंजीवांनी यादीवर खूण करून परत फिरायची तयारी केली होती. पण राजाच्या शयनगृहात पाऊल टाकले आणि ते यादी विसरले.

भिंतीभर रामायण आहे. दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परत येईपर्यंत सगळी कथा, मधे कुठे रिकामी जागा म्हणून नाही. गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवा, थोडा काळा. चेहरे भरलेले, डोळे लांबट, अंगावर दागिन्यांची दाटी. माणूस, माकड, राक्षस, झाड असे एकमेकांना खेटून उभे आहेत, की गोष्ट ठाऊक नसलेल्याला काही सापडायचे नाही. माईंना गोष्ट ठाऊक होती. त्यांनी काठीवर भार देऊन एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि नातवंडांना एकेक प्रसंग दाखवीत सगळी खोली फिरवली. आमच्या हातातले माहितीचे पुस्तक आम्ही पिशवीत टाकले. पायाखालची जमीन काळ्या संगमरवरासारखी तुळतुळीत दिसते, पण ती नारळाच्या जळक्या करवंट्या, चुना, झाडांचे रस आणि अंड्यांचा बलक काढून उरलेला पांढरा भाग घोटून केलेली आहे. हे ऐकल्यावर माईंनी पाऊल जरा जपून टाकले. त्यांचा चातुर्मास चालू होता.

राजवाड्याच्या मागे, अगदी हाकेच्या अंतरावर, ज्यू लोकांचा मोहल्ला. गल्लीत दोन्ही बाजूंना दुकाने. पितळी दिवे, जुन्या दारांच्या चौकटी, सुंठ, वेलदोडे, आणि काश्मिरी शाली सुद्धा. शाली इथे कशा, असे विचारले तर दुकानदार काश्मिरीच निघाला. गल्लीच्या टोकाला १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग. जवळच्या मनोऱ्याच्या घड्याळाच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मलयाळम आकडे आहेत. चपला बाहेर काढून आत जायचे. जमिनीवर अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. प्रत्येकीवरचे चित्र हाताने काढलेले. वर काचेची रंगीबेरंगी झुंबरे.

ह्या सिनेगॉगची एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावी. बाहेरून आलेले 'परदेशी' यहुदी इथले मालक. मलबारातले जुने यहुदी आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांची संतती यांना इथे बरोबरीची जागा नसे. मुक्त झालेल्यांना बाहेरच्या पडवीत जमिनीवर बसावे लागे. त्यांच्यातलेच ए. बी. सालेम हे वकील गांधीजींच्या वाटेने गेले आणि सिनेगॉगमध्येच सत्याग्रह करून त्यांनी बसण्याचा हक्क मिळवला. नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला १९३० साली. देव वेगळा, दार वेगळे, पण पायरीवर बसवलेला माणूस दोन्हीकडे होता.

पुढे बाकांचा प्रश्नच उरला नाही. १९४८ साली इस्राएल झाले. मलबारी यहुदी बहुतेक सगळे १९५४-५५च्या सुमारास निघून गेले. परदेशी यहुदी सावकाश, घरागणिक, गेले. १९६८ साली सिनेगॉगला चारशे वर्षे झाली तेव्हा इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या. आज मोहल्ल्यात त्या जमातीची माणसे एका हाताच्या बोटांइतकीही नाहीत. सामुदायिक प्रार्थनेसाठी वयात आलेले किमान दहा पुरुष लागतात, असा त्यांचा नियम. दहा जमले नाहीत तर माणूस आपापली प्रार्थना करू शकतो, पण काही पाठ म्हणता येत नाहीत. ह्याच कोचीहून एकोणिसाव्या शतकात शिक्षक आपल्या कोकणात गेले होते, अलिबागेकडच्या शनवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्राएलांना, हिब्रू प्रार्थना शिकवायला. ज्यांनी दुसऱ्यांना प्रार्थना शिकवली त्यांच्याच घरी आता म्हणायला दहा जण नाहीत.

माई बाकावर बसून हे ऐकत होत्या. "दहा?" एवढेच त्यांनी विचारले.

"दहा, माई."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. काय मोजले ते सांगितले नाही.

यादीप्रमाणे संध्याकाळ कथकळीची होती. पण राजवाड्यातून बाहेर पडताना एका रिक्षावाल्याने सौभाग्यवतींना विचारले होते, की तुम्ही कोंकणी आहात का, तुमचे तिरुमल देवस्थान इथे जवळच चेरळाईला आहे. 'तुमचे' ह्या शब्दाचे माईंना नवल वाटले. केरळात आपले काय असणार? तिकिटे काढायला अजून अवकाश होता, म्हणून वाटेत पाच मिनिटे थांबू, असे ठरले. चिरंजीवांनी मनगटावरचे घड्याळ आम्हांला दाखवले.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. देवळे आधीच पाडली जात होती. माईंच्या माहेरच्या मंगेशाचे लिंग त्याच साली कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेले, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. जे नदी ओलांडून थांबले त्यांची ही गोष्ट. जे बोटींत बसून दक्षिणेला गेले त्यांची गोष्ट आम्ही कधी विचारलीच नव्हती. त्यांतले गौड सारस्वत कोचीला उतरले आणि राजाने त्यांना आश्रय दिला. चेरळाईत त्यांनी वेंकटेशाचे देऊळ बांधले. डचांशी चाललेल्या लढाईच्या काळात पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केले. गोवा सोडले तरी पाठ सुटली नाही. डच आल्यावर देऊळ पुन्हा उभे राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोचीच्याच राजाशी बिनसले, तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून आलप्पुळाला, त्रावणकोरच्या राज्यात, नेली. १८५३ साली ती परत आली. आजचे देऊळ १८८१ सालचे आहे.

मी आणि चिरंजीव शर्ट काढून, उपरणे घेऊन आत गेलो. दर्शन होऊन बाहेर आलो तर माई दिसेनात. सौभाग्यवती पडवीकडे बोट दाखवीत उभ्या होत्या. माई एका म्हाताऱ्या बाईंजवळ बसल्या होत्या. त्या बाई फुलांच्या माळा ओवीत होत्या. दोघींचे बोलणे इतके भराभर चालले होते, की शब्द वेगळे करणे मला अशक्यच होते. मधून मधून मात्र गाडी अडे. बाईंच्या बोलण्यात मलयाळम शब्द येई, माई थांबत. माई काही बोलत, बाई ओवणे थांबवून विचार करीत. मग कोणीतरी हाताने दाखवी, आणि दोघी हसत.

"काय म्हणतात?" मी सौभाग्यवतींना विचारले.

"गाव कुठला ते विचारलं. 'गांवु' म्हणाल्या. आई म्हणते, अशी बोली तिच्या पणजीच्या तोंडची. हातु, गांवु, देवु. आमच्याकडे तो शेवटचा उकार केव्हाच गेला." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्या बाई आईला म्हणाल्या, तुमच्या बोलण्यात मराठी फार झालंय."

तेवढ्यात देवळातल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हांला थांबवून विचारपूस केली. आम्ही मराठी म्हटल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, की मग तुमच्या लिपीतला एक जुना कागद आमच्या पूर्वजांचा आहे. तो मी पुस्तकात पाहिला होता, पण तो ह्याच गल्लीशी बांधलेला आहे हे कधी जाणवले नव्हते. डच सेनाधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, 'होर्तुस मलबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला तो बारा खंडांत छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती, प्रत्येकीचे भले मोठे चित्र. औषधी उपयोगांची माहिती इथल्या वैद्यांनी दिली. एक होते इट्टी अच्युतन हे एळव जातीचे वैद्य, आणि तिघे कोंकणी : रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. ही माहिती आम्ही दिली असे ह्या तिघांनी १६७५ साली लिहून दिले आणि ते पत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे, नागरी अक्षरांत, छापले आहे. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली वळणदार अक्षरे ताम्रपटावर कोरणाऱ्या कारागिराला त्यातले एकही कळत नसणार. आपल्या मुलखात छापलेले नागरी पुस्तक मिळायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मी चिरंजीवांना हे समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. नंतर पाहिले तेव्हा कथकळी सुरू होऊन अर्धा तास झाला होता.

तिसऱ्या दिवशी यादीत सहा स्थळे शिल्लक होती. दुपारची गाडी. सकाळी न्याहारीला माईंनी केळ्याचा तुकडा मोडीत मोडीत विचारले, "जावईबापू, ते देऊळ इथून फार लांब नाही ना?" चिरंजीवांनी यादीचा कागद घडी करून खिशात घातला. मला वाटले होते वाद होईल.

माई आणि धाकटी पडवीत बसल्या. आम्ही बाहेर चहा घेतला, दुसरा घेतला, रस्त्यावरून सुंठीची पोती नेणाऱ्या हातगाड्या मोजल्या. दीड तासाने दोघी आल्या. माईंच्या हातात मलयाळम वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती. कोवळ्या अख्ख्या कैऱ्यांचे लोणचे, त्या बाईंच्या घरचे. रिक्षात बसेपर्यंत माईंनी ती कोणाच्या हाती दिली नाही.

गाडीत बरणीतून तेल झिरपू लागले आणि डब्यात वास पसरला. लोणचे कसे ठेवायचे, केव्हा हलवायचे, किती दिवसांनी काढायचे, हे त्या बाईंनी सांगितले होते आणि धाकटीने ते आपल्या वहीत लिहून घेतले होते. मी वही मागितली. शाळकरी गोल अक्षरांत दहा-बारा ओळी. अर्थ पुरता लागेना, पण एका ओळीत 'ओलो हातु घालूं नाका' असे होते.

"अगं, हे 'हातु' काय? हात लिही."

"नाही बाबा," ती म्हणाली, "त्या आजी तसंच म्हणाल्या."

तिने वही माझ्याकडून परत घेतली आणि माईंच्या शेजारी जाऊन पुढची ओळ त्यांना वाचून दाखवू लागली. माईंनी मधेच तिला थांबवून एक शब्द पुन्हा म्हणायला लावला.